पुलाच्या पोटातील ताणलेल्या तारा

नंदुरबार जिल्ह्यातील ब्राह्मणपुरी असो की कोकणातील एखादे खेडे, बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवत, हे गावातील वडीलधाऱ्यांना विचारा. धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. ती जाळात तापवली की प्रसरण पावते. तशीच चाकावर बसवून तिच्यावर पाणी ओततात. थंड होताना ती आकुंचन पावते आणि चाकाचे सर्व तुकडे आवळून धरते. गाडीवर ओझे चढण्यापूर्वीच चाकात दाब निर्माण झालेला असतो. आपले अनेक मोठे पूल याच युक्तीवर उभे आहेत.

एक प्रयोग करून पाहा. आठ-दहा पुस्तके टेबलावर एकापुढे एक उभी लावा. दोन्ही टोकांना तळहात लावून जोराने दाबा आणि ती संपूर्ण रांग उचला. पुस्तके एकमेकांना चिकटवलेली नाहीत, तरी ती पडत नाहीत. मधल्या पुस्तकावर एखादा खोडरबर ठेवला तरी रांग टिकते. आता हातांचा दाब थोडा कमी करा. काय होते?

काँक्रीटचेही असेच आहे. दाब सहन करण्यात ते पटाईत, पण ताण सहन करण्यात दुबळे. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या साधारण एकदशांशच असते. तुळईवर भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तेथे तडे पडतात. मग भार येण्यापूर्वीच तिला दोन्ही टोकांकडून दाबून ठेवले तर? हेच पूर्वप्रतिबलित काँक्रीट. तुळईत नळ्या ठेवून काँक्रीट ओततात. ते पुरेसे घट्ट झाले की नळ्यांतील पोलादी तारा जॅकने ताणतात आणि त्यांची टोके पक्की अडकवतात. तारा आखडू पाहतात आणि काँक्रीटला दाबतात. काँक्रीट झाल्यावर तारा ताणायच्या, म्हणून या पद्धतीला पश्चताणन म्हणतात.

कल्पना सोपी वाटते, पण सुरुवातीचे प्रयत्न फसले. का, ते गणिताने पाहू. दहा मीटर लांबीची साध्या पोलादाची सळई सुरक्षित मर्यादेत ताणली, तर ती जेमतेम ७ मिलिमीटर वाढते. काँक्रीट मात्र वाळताना आणि सतत दाबाखाली राहून हळूहळू आखूड होते. दहा मीटरला ५-६ मिलिमीटर सहज. म्हणजे सळईचा जवळजवळ सगळा ताण निघून गेला! आता अतिशय कणखर पोलादाची तार घ्या. ती ५० मिलिमीटर ताणता येते. त्यातून ६ गेले तरी ४४ उरतात. फ्रेंच अभियंता यूजीन फ्रेसिने यांना हे मर्म उमगले. फ्रान्समधील आलिए नदीवर त्यांनी बांधलेल्या एका पुलाच्या कमानी हळूहळू खचू लागल्या होत्या. तेव्हा त्यांनी जॅक लावून त्या पुन्हा उचलल्या. काँक्रीट काळानुसार आखडते, हा धडा त्यांनी तेथे घेतला. १९२८ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले.

पण ताणलेली तार सुटू नये म्हणून ती अडकवायची कशी? ७ मिलिमीटर व्यासाच्या तारेचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला १,००० न्यूटन ताण दिला, तर एकाच तारेत जवळजवळ ४ टन वजनाइतके बल साठते. अशा बारा तारांचे बल होते सुमारे ४७ टन. फ्रेसिने यांनी १९३९ मध्ये शंकूची युक्ती काढली. तुळईच्या टोकात शंकूच्या आकाराचे भोक. त्यातून बारा तारा गोलाकार बाहेर येतात आणि मध्ये खाचा असलेला शंकू पाचरीसारखा ठोकून बसवतात. बेल्जियमचे प्राध्यापक मान्येल यांनी पोलादी पट्ट्यांत पाचरी घालून तारा दोन-दोन करून अडकवल्या. स्वित्झर्लंडमध्ये चार अभियंत्यांनी तारेच्या टोकाला बटणासारखे डोके घडवले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती पद्धत बीबीआरव्ही म्हणून प्रसिद्ध झाली. ब्रिटनमध्ये मोठ्या सळईला आटे पाडून नट आवळण्याचीही पद्धत निघाली.

ही जुनी नावे आज का आठवायची? कारण हे सारे काँक्रीटच्या आड दडलेले आहे. तारा ताणल्यावर नळ्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, दाबाने भरतात आणि टोके लिंपून टाकतात. ग्राउट तारांना गंजापासून वाचवते. पण ते नीट भरले नाही, नळीच्या वरच्या भागात पोकळी राहिली, किंवा सांध्यातून खारे पाणी झिरपले, तर तारा गंजू लागतात. ७ मिलिमीटरच्या तारेवरून सर्व बाजूंनी अवघा अर्धा मिलिमीटर धातू गेला, तर व्यास ६ उरतो. क्षेत्रफळ किती घटले, ते काढून पाहा. उत्तर एक चतुर्थांशाहून अधिक येईल. ताण मात्र तसाच असतो. अशी तार बाहेरून काही चिन्ह न दिसता तुटू शकते.

गोव्यातील लोकांना याचा अनुभव आला. पणजीजवळ मांडवी नदीवर १९७०च्या सुमारास बांधलेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. प्रतिबल देणाऱ्या तारांचे गंजणे हे त्याचे मुख्य कारण मानले गेले. लोकांना पुन्हा फेरीबोटींवर अवलंबून राहावे लागले. नवा पूल १९९२ मध्ये खुला झाला. त्याआधी १९८५ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या वेल्स प्रांतातील एक छोटा पूल कोणतीही पूर्वसूचना न देता पडला होता. ब्रिटनने तर १९९२ मध्ये ग्राउट भरलेल्या तारांचे नवे पूल बांधणेच काही काळ थांबवले. मुंबई आणि नवी मुंबई यांना जोडणाऱ्या ठाणे खाडीवरील पहिल्या रस्तापुलालाही (१९७३) गंजाने ग्रासले. तेथे तुळयांना बाहेरून नव्या तारा लावून जास्तीचा दाब द्यावा लागला.

जुना पूल तपासायला आलेला अभियंता म्हणूनच प्रथम विचारतो, ‘मूळ नकाशे कोठे आहेत?’ पद्धत कोणती, नळीत तारा किती, नळी कोठून वळते, टोक कसे अडकवले, हे कळल्याशिवाय पुलात किती बल उरले आहे याचा हिशेब करता येत नाही. दुरुस्तीसाठी कोठे भोक पाडायचे, हेही ठरत नाही. चुकीच्या जागी छिद्र पडले, तर चांगली तारच कापली जाईल! नकाशे सापडले नाहीत, तर काम वैद्याच्या तपासणीसारखे होते. रडारने नळ्यांची वाट शोधतात, गॅमा किरणांनी आतील चित्र घेतात. मग निवडक जागी लहान भोक पाडून दुर्बिणीची बारीक नळी आत घालतात आणि ग्राउटची पोकळी व तारांचा गंज पाहतात. शेवटी ठरावीक वजन उभे करून पूल किती वाकतो, तेही मोजतात. या सगळ्याला वेळ व पैसा लागतो. दप्तरात जपलेला एक नकाशा त्यातला बराचसा वाचवतो.

तुमच्या परिसरातील मोठ्या पुलावर बांधकामाचे वर्ष कोरलेले असते. पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून ते वाचा आणि वहीत टिपून ठेवा. तुळईच्या टोकाशी गोलाकार लिंपलेले डाग दिसले, तर त्यामागे ताणलेल्या तारांची टोके असू शकतात. मग शिक्षकांच्या मदतीने बांधकाम विभागाला पत्र लिहा. या पुलाचे नकाशे जपून ठेवले आहेत का आणि त्यात कोणती पद्धत वापरली आहे, एवढेच विचारा.