केबल जोडताना

मुलांनो, पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघालात की आधी पिंपरी आणि मग चिंचवड लागते. भोसरी, मोशी ओलांडून नाशिक रस्त्याने गेलात की चाकण येते. हा सारा पट्टा कारखान्यांचा आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी १९५४ साली स्थापन झाली. पुढे कारखाने वाढत गेले. चाकणला बजाजचा दुचाकींचा कारखाना १९९९ साली सुरू झाला.

आज अशा कारखान्यांतील यंत्रे, संगणक आणि कॅमेरे केबलने एकमेकांना जोडलेले असतात. या जोडणीला नेटवर्क म्हणतात. सर्व केबली एका पत्र्याच्या कपाटात येतात. त्याला रॅक म्हणतात. रॅकमधील पेट्यांवर हिरवे दिवे लुकलुकत असतात. दिसायला हे सारे खेळण्यासारखे वाटते. पण ते बसवणाऱ्याला फार जपून काम करावे लागते. उर्दूत तुम्ही याला एहतियात म्हणता, मराठीत खबरदारी. हा शब्दही फारसीच्या वाटेनेच मराठीत आला आहे, बरे का!

पहिली खबरदारी विजेची. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. रॅकलाही बहुधा तीच वीज लागते आणि ती जीव घेऊ शकते. तुम्ही म्हणाल, "मुख्य बटण बंद केले की झाले!" पण तसे नाही. वीज गेली तरी नेटवर्क बंद पडू नये, म्हणून रॅकला यूपीएस जोडलेला असतो. त्यात बॅटऱ्या असतात. बटण बंद केले, तरी यूपीएस पेटीला वीज पुरवतच राहतो. म्हणून जाणता कारागीर दोन्हीकडची वीज तोडतो, बटणाला कुलूप लावतो, "काम चालू आहे" अशी पाटी अडकवतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. किल्ली दुसऱ्याकडे दिली, तर त्याने चुकून बटण चालू केले म्हणजे काय होईल, याचा विचार करा.

आता तुमच्या घरातील तीन पायांचा प्लग पाहा. त्याचा एक पाय जाड आणि लांब असतो. तो अर्थिंगचा, म्हणजे जमिनीशी जोडलेला पाय. लांब असल्यामुळे तो सर्वांत आधी जोडला जातो आणि सर्वांत शेवटी सुटतो. आतली एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर वीज या वाटेने जमिनीत जाते, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. काही लोक दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून हाच पाय तोडून टाकतात! अशा लोकांना काय म्हणावे?

एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस येतो आणि विजा कडाडतात. दोन शेडमध्ये तांब्याची केबल टाकलेली असेल, तर आकाशातील विजेचा धक्का तिच्यातून दोन्हीकडच्या पेट्यांपर्यंत पोचू शकतो. म्हणून तेथे काचेच्या तंतूची केबल टाकतात. काचेतून वीज वाहत नाही, फक्त प्रकाश जातो. ढग गडगडू लागले, की छपरावरचे काम सोडून खाली उतरायचे असते.

मात्र या काचेचेही धोके आहेत. तंतूतून जाणारा लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. सूर्याकडे पाहिले तर आपण लगेच डोळे मिटतो. येथे डोळ्याला काही कळतच नाही आणि इजा होऊन जाते. म्हणून केबलच्या टोकात कधीही डोकावून पाहू नये. ती चालू आहे की बंद, हे उपकरणाने तपासावे.

शिवाय तंतू कापताना त्याचे बारीक तुकडे पडतात. हा तंतू केसासारखा बारीक आणि पारदर्शक असतो. तुकडा बोटात रुतला तर सापडत नाही. डोळ्यात किंवा पोटात गेला तर फारच वाईट. म्हणून कारागीर चश्मा लावतो, काळ्या कापडावर काम करतो, तुकडे चिकटपट्टीने उचलून झाकणाच्या डबीत टाकतो. कामाच्या जागी तो चहासुद्धा पीत नाही. आधी हात स्वच्छ धुतो, मग बाहेर जाऊन पितो.

थंडीत लोकरी स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. ती स्थिर वीज. आपल्याला तिने काही होत नाही, पण पेटीतील नाजूक चिप तिने जळू शकते. म्हणून पेटी उघडताना कारागीर मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतो. चालू विजेजवळ काम असेल, तर मात्र तो हाच पट्टा आधी सोडून ठेवतो, कारण जमिनीशी जोडलेल्या माणसाला विजेचा धक्का अधिक जोराने बसू शकतो.