वस्तरा खाली ठेवल्यापासून

खेड तालुक्यातलं कन्हेरसर आता चाकणच्या पुढे सरकत आलेल्या औद्योगिक पट्ट्यात मोडतं. नारायण मेघाजी लोखंडे मूळ या गावचे. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून कामगारांना ते माहीत असतात. पण ती सुट्टी मिळाली त्याच १८९० सालच्या मार्चमध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

या केशवपनाविरुद्ध सुधारक कित्येक वर्षं लेख लिहीत होते, शास्त्राधार धुंडाळत होते. नकार दिला तो हातावर पोट असलेल्यांनी, आणि त्यात त्यांचीच कमाई बुडणार होती. प्रथा लगेच संपली नाही, हे खरं. लाल आलवणातल्या आज्या पुढेही बरीच वर्षं माजघरात दिसत राहिल्या.

काढलेल्या केसांची ही कथा, तर न काढलेल्या केसांची दुसरी. केसांत गुंता होतो, कोणी विंचरत नाही, त्यावर हळदकुंकू पडतं आणि ती ‘देवीची जट’ ठरते. मग मान दुखली, उवा झाल्या तरी कोपाच्या भीतीने कात्री लावायची नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २०१३ मधल्या खुनानंतर पुण्याच्या नंदिनी जाधव अंनिसच्या कामात उतरल्या आणि बायकांच्या जटा सोडवू लागल्या. त्या मूळच्या ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या. पुन्हा केस कापणारा हातच!

त्याआधीच, २००४ मध्ये, केसांचे रंग आणि शाम्पू विकणाऱ्या लॉरियल कंपनीचा कारखाना चाकणच्या त्याच पट्ट्यात आला होता. ऐश्वर्या राय तेव्हा नुकतीच या कंपनीचा चेहरा झाली होती. पिंपरी-चिंचवडच्या दुकानांत एक-दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुड्या लटकतच होत्या. आता केसांचा रंगही ‘आपल्या’ एमआयडीसीतला झाला.

याच कंपनीने अमेरिकेत १९९८ साली सॉफ्टशीन आणि २००० साली कार्सन विकत घेतली. दोन्ही काळ्या स्त्रियांच्या केसांच्या बाजारातल्या. तिथे कुरळे केस ‘नीटनेटके’ नाहीत म्हणून शाळा-नोकरीत अडवणूक होई, आणि ते सरळ करणाऱ्या क्रीमचा धंदा त्यावर पोसला. असा भेदभाव बेकायदा ठरवायला कॅलिफोर्नियाला २०१९ साल उजाडलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संशोधकांना अशी क्रीम वारंवार वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं, आणि लॉरियलसह अनेक कंपन्यांवर खटले भरले गेले. कंपन्यांना आरोप मान्य नाहीत. २०२४ मध्ये गायिका बियॉन्सेने केसांच्या प्रसाधनांचा स्वतःचा ब्रँड काढला. नैसर्गिक केसांचा अभिमानही बाटलीत भरून विक्रीला आला.

तारका आपल्या केसांचं भलं करतील, यावर माझा विश्वास नाही. केशवपनाला नकार देणाऱ्या नाभिकांएवढी जोखीम एकाही ब्रँडने घेतलेली नाही. तुमच्या वस्तीत एखाद्या मुलीच्या केसांत जट धरलेली दिसली, तर अंनिसच्या जवळच्या शाखेला जरूर कळवा.