ओट्यावरचा उजेड

संगमेश्वरकडच्या जांभ्याच्या कौलारू घरांत, उतरत्या छपराखालच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात भरदुपारीही दिवा लावावा लागतो. नूतनीकरणात मधोमध एकच दिवा ठेवला, तर ओट्याशी उभं राहणाऱ्याची सावली नेमकी चिरायच्या भाजीवर पडते. म्हणून वरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावावी. चिरण्या-निवडण्याच्या जागी ५०० लक्स प्रकाश पुरतो. तो ३००० ते ४००० केल्विनचा असावा आणि सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक, ९० च्या पुढे. मग मासळीचा ताजेपणा नीट जोखता येतो. वाफ आणि दमट हवेमुळे पट्टी आयपी६५ दर्जाची घ्यावी. शोभेचा मंद दिवा फडताळातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर तिरपा सोडावा, बटण मात्र वेगळं ठेवावं.