इल्म-ए-कलाम : धाराशिवच्या संदर्भात काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

इस्लामची धर्मतत्त्वचर्चा म्हणजे ठरलेल्या उत्तरांचे पाठांतर, असा समज मराठी वाचकांत आढळतो. वस्तुतः ईश्वराचे एकत्व, त्याचे गुण आणि मानवाचे कर्मस्वातंत्र्य यांवर युक्तिवादाने विचार करणारे ‘इल्म-ए-कलाम’ हे शास्त्र वादांतूनच वाढले. आठव्या शतकात बसरा येथे वासिल बिन अता यांच्यापासून सुरू झालेल्या मुतझिला पंथाने असे प्रतिपादले की, ईश्वर न्यायी असेल तर माणूस आपल्या कर्माचा कर्ता असलाच पाहिजे, आणि कुराण ही ईश्वराची वाणी असली तरी ती निर्मित आहे, अनादी नव्हे. हे शेवटचे मत खलिफा मामून याने 833 मध्ये विद्वानांवर सक्तीने लादले, तेव्हा अहमद बिन हनबल यांनी ते नाकारून तुरुंगवास पत्करला. बुद्धिवाद्यांच्या बाजूने सत्तेने बळ वापरल्याचा हा प्रसंग आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे, कारण ‘बुद्धी विरुद्ध श्रद्धा’ ही सोपी मांडणी त्याने कोलमडते. पुढे अशअरी (मृत्यू सुमारे 935) आणि समरकंदचे मातुरिदी (मृत्यू सुमारे 944) यांनी तर्काचीच साधने वापरून सुन्नी श्रद्धेची मांडणी केली.

इमाम गझाली (1058–1111) यांनी तर्कविद्या संपवली, हेही खरे नाही. तत्त्ववेत्त्यांच्या वीस सिद्धांतांवर त्यांनी टीका केली, परंतु तर्कशास्त्रावर स्वतः ग्रंथही लिहिले.

दख्खनमधील मुस्लिम सत्ता एकाच मताची होती, या समजाला धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ला उत्तर देतो. पैगंबरांनंतरचे नेतृत्व त्यांचे जावई अली आणि अलींच्या वंशातील इमामांकडेच असावे, असे मानणाऱ्या शिया मताचा पुरस्कार विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाने (1558–80) केला, तर त्याच्यानंतर गादीवर आलेला दुसरा इब्राहिम सुन्नी होता. नळदुर्गातील बोरी नदीवरील धरण आणि त्यातला पाणीमहाल त्याच्याच कारकिर्दीत, 1613 मध्ये उभा राहिला.

मदरशांतील ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम नावामुळे हैदराबादच्या निजामाशी जोडला जातो, आणि 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या जिल्ह्यात तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यात तफ्ताजानी यांचा ‘शरह-ए-अकाइद’ हा कलामग्रंथ शिकवला जातो. हैदराबादचे खरे योगदान वेगळे आहे: तेथील दाइरतुल मआरिफ या संस्थेने दुर्मिळ अरबी ग्रंथ संपादून छापले आणि जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध करून दिले.

धाराशिव शहरातील हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्यासंबंधीचा गैरसमज अधिक नाजूक आहे. दर्ग्यावर जाणे म्हणजे संताची उपासना, असे बाहेरून वाटते; धर्मशास्त्र मात्र इबादत, म्हणजे केवळ ईश्वराची उपासना, आणि जियारत, म्हणजे कबरीचे दर्शन, यांत स्पष्ट भेद करते. संताला वसीला, म्हणजे ईश्वरापर्यंत पोहोचण्याचे माध्यम, कितपत मानावे हा मात्र खरा वादविषय असून त्यावर बरेलवी आणि देवबंदी या भारतीय सुन्नी प्रवाहांच्या विद्वानांत तीव्र मतभेद आहेत. तरीही हे दोन्ही प्रवाह आचारधर्मात हनफी आणि श्रद्धाविचारात प्रामुख्याने मातुरिदी परंपरेचेच आहेत.