कुंपणातलं रान कसं चालतं

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात फिंडा नावाचं खासगी अभयारण्य आहे. एका अंगाला मखुझेचं सरकारी अभयारण्य, दुसऱ्या अंगाला जागतिक वारशाच्या यादीतला इसिमांगालिसोचा पाणथळ प्रदेश आणि मधे सुमारे २८,५०० हेक्टरांचं हे रान. आज तिथे सिंह, हत्ती, गेंडे, चित्ते फिरताना दिसतात, म्हणून ते पूर्वापार तसंच असावं असं पाहुण्याला वाटतं. पण १९९१ साली काम सुरू झालं तेव्हा इथे गुरांची कुरणं होती, अननसाचे आणि घायपाताचे मळे होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्सेत्से माशीमुळे गुरांना नागाना हा रोग होई. माशीला रक्त पुरवणारी जनावरंच नकोत, असा हिशेब करून झुलूलँडमध्ये सरकारी मोहिमांत हजारो रानजनावरं गोळ्या घालून मारली गेली. ज्या गुरांसाठी हे केलं, त्यांच्याच चराईने पुढे जमीन झिजली.

असं रान पुन्हा उभं करायचं तर आधी मालकीचा प्रश्न सुटावा लागतो. आपल्याकडे वाघ किंवा काळवीट कुणाच्या खासगी मालकीचं असू शकत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९१ च्या ‘गेम थेफ्ट’ कायद्याने वेगळी वाट काढली. जमिनीला पुरेसं कुंपण असल्याचा दाखला असेल, तर आतली जनावरं जमीनमालकाची. एखादं पळून बाहेर गेलं तरी मालकी जात नाही. त्यामुळे जनावरं विकत आणणं, त्यांची वाहतूक, पशुवैद्य, पहारा या सगळ्यावर पैसा घालायला माणसं पुढे आली. खासगी मालकी म्हटलं की आपल्याला धास्ती वाटते, आणि ती अनाठायी नाही. याच व्यवस्थेत तिथे गोळी घालण्यासाठी पिंजऱ्यात सिंह वाढवणारेही निपजले. फिंडा हे त्याच व्यवस्थेचं चांगलं रूप आहे.

तेव्हा सुरुवात कुंपणापासून. विजेच्या तारा ओढल्या की काम संपलं असं होत नाही. वॉर्टहॉग म्हणजे तिथलं रानडुक्कर तारांखाली बिळं करतं, पावसाने ओढ्यात कुंपण वाहून जातं, फांदी पडून प्रवाह तुटतो. म्हणून कुंपणाची पाहणी सतत करावी लागते. बिबट्या मात्र कुंपणाला जुमानत नाही. २००२ पासून इथे रेडिओ कॉलर लावून बिबट्यांचा अभ्यास झाला, तेव्हा अभयारण्याच्या हद्दीबाहेर माणसांच्या हातून होणारे मृत्यू किती महत्त्वाचे आहेत ते कळलं. त्या कामामुळे प्रांताने बिबट्याच्या शिकारीच्या परवान्यांचे नियम बदलले.

सिंह आणि चित्ते १९९२ पासून परत आणले गेले. आणलेलं जनावर ट्रकमधून सरळ रानात सोडलं, तर ते आपल्या जुन्या मुलखाच्या दिशेने निघतं आणि कुंपणावर आदळतं. म्हणून त्याला आधी काही आठवडे बोमात, म्हणजे भक्कम कुंपणाच्या वाड्यात ठेवतात. तिथे त्याला नव्या जागेचा वास, आवाज आणि विजेच्या तारेचा धाक कळतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले, एकमेकांशी नातं नसलेले सिंह एकाच बोमात राहिले की बरेचदा त्यांचा एक कळप जमतो.

खरी अडचण जनावरं रुळल्यावर सुरू होते. मोकळ्या मुलखात वयात येणारे नर सिंह कळप सोडून दूर जातात, त्यामुळे रक्ताची सरमिसळ आपोआप होते. कुंपणात त्यांना जायला जागा नाही. भक्ष्य भरपूर, शत्रू कमी, म्हणून सिंह झपाट्याने वाढतात, हरणांची संख्या घसरते, आणि काही पिढ्यांत जवळच्या नात्यात संकर होऊ लागतो. मग जे काम अंतर करत होतं ते माणसाला करावं लागतं. नर एका अभयारण्यातून दुसऱ्यात हलवतात. काही अभयारण्यांत सिंहिणीच्या गर्भाशयाचा एक भाग शस्त्रक्रियेने काढतात. तिला पिल्लं होतात, पण कमी. चित्त्यांसाठी तर देशभरातली कुंपणबंद अभयारण्यं मिळून एकच मोठी संख्या धरली जाते आणि त्यांच्यात ठरवून अदलाबदल होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आपल्याकडच्या कुनोच्या जंगलात जे १२ चित्ते आले, त्यांत फिंडाचेही होते.

हत्तींचं गणित आणखी नाजूक. वाढलेला कळप झाडं मोडतो, आणि फिंडात वाळूवर वाढणारं एक दुर्मीळ कोरडं जंगल आहे. ते एकदा मोडलं की माणसाच्या आयुष्यात परत येणार नाही. पूर्वी अशा वेळी हत्ती मारत. इथे माद्यांना गर्भधारणा रोखणारी लस देतात. डुकराच्या बीजांडाच्या आवरणातल्या प्रथिनापासून ती बनते आणि हेलिकॉप्टरमधून डार्टने टोचता येते. शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, ती बीजांडाला चिकटतात आणि शुक्रजंतू आत शिरू शकत नाहीत. कळप तुटत नाही, कुणी मरत नाही. मला हे या सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत शहाणं काम वाटतं.

गेंड्याचा धोका बाहेरून येतो. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ४९९ गेंडे चोरट्या शिकारीत मेले, त्यांतले ३०० हून अधिक एकट्या क्वाझुलू-नातालमध्ये. म्हणून फिंडात गेंड्याला बेशुद्ध करून, डोळ्यांवर पट्टी बांधून, शिंग मुळाच्या वर कापतात. शिंग केराटिनचं असतं, त्यामुळे वेदना होत नाही. पण ते पुन्हा वाढतं आणि दीड-दोन वर्षांनी परत कापावं लागतं. ग्रेटर क्रूगर भागातल्या अभयारण्यांचा २०१७ ते २०२३ या काळातला अभ्यास सांगतो की शिंगं कापल्यावर शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटली. खुंटासाठीही गेंडा मारणारे आहेत, त्यामुळे पहारा सुटत नाही.

खवल्या मांजराची गोष्ट वेगळीच. झुलूलँडमधून ते नाहीसं झालं होतं. तस्करांकडून सोडवलेली खवली मांजरं २०१९ पासून फिंडात आणली जाऊ लागली. ती येतात तेव्हा उपाशी, पाण्याविना सुकलेली असतात, आणि ताटलीतलं खाणं सहसा खात नाहीत. मुंग्या आणि वाळवी स्वतः शोधून खाणं एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून एक माणूस रोज त्यांच्यामागे तासन्‌तास चालतो. पुरेसं वजन वाढलं की खवल्यावर ट्रान्समीटर बसवून सोडतात, आणि नंतरही मागोवा घेत राहतात.

हा सारा खर्च मुख्यतः पर्यटक देतो. पद्धत थोडे पाहुणे आणि चढे दर अशी आहे. लहान लहान लॉज, सकाळ-संध्याकाळ फेरी, उघड्या गाडीत चालवणारा रेंजर आणि बॉनेटवरच्या खुर्चीत माग काढणारा ट्रॅकर. एका जनावराजवळ एका वेळी मोजक्याच गाड्या थांबतात, बाकीच्या रेडिओवर सांगून लांब वाट पाहतात. ताडोब्यात वाघाभोवती जमलेल्या जिप्सी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या शिस्तीचं मोल सांगायला नको. गेंड्याच्या कानाला खूण करताना किंवा खवल्या मांजराच्या फेरीत सोबत राहायचं तर पाहुणा वेगळे पैसे मोजतो. जे काम एरवीही करायचंच होतं, त्याचा खर्च असा निघतो. दोष उघड आहे: हे रान पाहणं फार थोड्यांच्या ऐपतीतलं आहे. आणि विमानं थांबली की मिळकत थांबते. मार्च २०२० मध्ये तसंच झालं. पर्यटक एकही नाही, पण पहारेकऱ्यांचे पगार आणि कुंपण चालूच.

तरीही फिंडा टिकण्याचं सर्वांत मोठं कारण मला यांपैकी कशातच दिसत नाही. ते २००७ साली घडलं. वर्णभेदाच्या काळात आणि त्याआधीही झुलू कुटुंबांना इथल्या जमिनीवरून हुसकावलं गेलं होतं. १९९४ च्या कायद्याने त्यांना दावा करता आला, आणि मखासा व म्नकोबोकाझी या दोन समाजांना ९,०८५ हेक्टर जमीन परत मिळाली. ती त्यांनी अभयारण्य चालवणाऱ्या कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. तेव्हापासून शेजारचे गावकरी या रानातल्या मोठ्या हिश्श्याचे मालक आहेत. भाडं त्यांना येतं, नोकऱ्याही मिळतात. शेजाऱ्याला या रानातून काहीच मिळत नसेल, तर शिकाऱ्याला वाट दाखवणारा माणूस गावातच सापडतो. ही बाजू जिथे कच्ची आहे तिथली लस, कॉलर, हेलिकॉप्टर सगळं व्यर्थ जातं.

पुण्या-मुंबईहून आफ्रिकेच्या सफारीला जाणारे आता पुष्कळ आहेत. बुकिंग करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: जमीन कुणाची आहे, शेजारच्या गावांना काय मिळतं, एका जनावरापाशी किती गाड्या थांबू देतात. आणि सिंहाचा छावा मांडीवर घेऊन फोटो काढायची सोय असल्याचं सांगितलं, तर तिथे एक पैसाही देऊ नका. असे छावे मोठे झाल्यावर बंदिस्त शिकारीसाठी विकले गेल्याची उदाहरणं दक्षिण आफ्रिकेत पुष्कळ आहेत.