विल्नियस : शहर पाहताना, शहर ऐकताना

मागील घटकात आपण भारोपीय भाषाकुलाचा तक्ता पाहिला. त्यात 'बाल्टिक' नावाची एक लहान शाखा होती आणि तिच्यात आज बोलल्या जाणाऱ्या दोनच भाषा होत्या : लिथुआनियन आणि लात्वियन. तक्त्यातील भाषा कागदावर निश्चल असतात. प्रत्यक्षात त्या रस्त्यावर, दुकानांच्या पाट्यांवर, थडग्यांवर आणि न्यायालयातील वादांत वावरत असतात. म्हणून या पूरक वाचनात आपण लिथुआनियाची राजधानी विल्नियस हिच्या जुन्या भागातून एक फेरी मारणार आहोत. १९९४ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. प्रवासी तेथे चर्च, मनोरे आणि दगडी गल्ल्या पाहण्यासाठी जातात. आपण त्याच ठिकाणी थांबू; मात्र आपले लक्ष मुख्यतः नावांकडे राहील.

सुरुवात शहराच्याच नावापासून करावी लागते, कारण ते एक नाही. लिथुआनियन भाषेत 'विल्नियस', पोलिशमध्ये 'विल्नो', रशियनमध्ये 'विल्ना', यिडिशमध्ये 'विल्ने', बेलारूशियनमध्ये 'विल्न्या'. या सर्वांच्या मुळाशी शहरालगत वाहणारी विल्निया ही छोटी नदी आहे. नावे इतकी जवळची आहेत की हा केवळ उच्चारभेद वाटावा. तसे ते नाही. यांतील प्रत्येक रूपामागे 'हे शहर आमचे' असे म्हणणारा एक समाज उभा होता.

किल्ला, लांडगा आणि एक नेहमीचा गैरसमज

फेरीचा आरंभ कॅथीड्रलच्या चौकातून होतो. मागे टेकडीवर वरच्या किल्ल्याचा लाल विटांचा बुरूज दिसतो. तो गेदिमिनसच्या नावाने ओळखला जातो. या राजाने १३२३ मध्ये लॅटिन भाषेत पत्रे पाठवून जर्मन शहरांतील व्यापाऱ्यांना व कारागिरांना आपल्या राज्यात बोलावले. विल्नियसचा पहिला लिखित उल्लेख या पत्रांत सापडतो. दंतकथा मात्र निराळी आहे. शिकारीनंतर राजा येथे झोपला, स्वप्नात त्याला शंभर लांडग्यांच्या आवाजात ओरडणारा एक लोखंडी लांडगा दिसला, आणि पुरोहिताने त्याचा अर्थ 'येथे नगर वसव' असा सांगितला.

लिथुआनियन भाषेत लांडग्याला 'विल्कस' म्हणतात. संस्कृतात 'वृकः'. अशा जोड्या पुष्कळ आहेत : 'उग्निस' आणि 'अग्निः', 'सूनुस' आणि 'सूनुः', 'आविस' म्हणजे मेंढी आणि 'अविः', 'मेदुस' आणि 'मधु'. संस्कृतातील विसर्ग हा मूळच्या 'स'काराचा अवशेष आहे हे लक्षात घेतले, तर साम्य अधिकच डोळ्यांत भरते. किल्ल्याला 'पिलिस' म्हणतात, आणि त्याचे नाते आपल्या 'पुर्'शी व ग्रीक 'पोलिस'शी आहे. चौकातून निघणारा मुख्य रस्ता म्हणजे 'पिलिएस गात्वे', अर्थात किल्ल्याची गल्ली.

येथवर आले की आपल्याकडील विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात, आणि पुष्कळदा तो प्रश्न नसून ठाम विधानच असते : लिथुआनियन भाषा संस्कृतपासून निघाली. हे विधान चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे त्याच लांडग्याच्या साहाय्याने सिद्ध करता येते.

'विल्कस'मध्ये 'ल' आहे. 'वृकः'मध्ये त्या जागी 'ऋ' आहे. आता इतर भगिनीभाषा पाहा : रशियन 'वोल्क', गॉथिक 'वुल्फ्स', लॅटिन 'लुपुस'. सर्वांत 'ल' आहे. याचा अर्थ मूळ भारोपीय शब्दात 'ल' होता आणि संस्कृतच्या वाटेवर त्याचा 'र'वर्गीय ध्वनी झाला. लिथुआनियन जर संस्कृतची मुलगी असती, तर आईने गमावलेला 'ल' तिला कोठून परत मिळाला असता? 'मेदुस'चे तसेच. त्यातील 'ए' ग्रीक 'मेथु'मध्येही आहे. संस्कृतने मूळचे 'अ', 'ए', 'ओ' हे तीन स्वर एकाच 'अ'कारात मिसळून टाकले. चार या संख्येला 'केतुरी' म्हणतात. तेथील 'क' लॅटिन 'क्वात्तुओर'मध्ये टिकला, संस्कृतात त्याचा 'च' झाला : 'चत्वारः'. उलट 'मधु'मधील महाप्राण 'ध' संस्कृतने जपला, लिथुआनियनने सोडला. प्रत्येकीने काही जपले, काही गमावले. या मायलेकी नव्हेत, बहिणी आहेत.

यातून आणखी एक गोष्ट हाती येते. संस्कृत 'दन्त'पासून प्राकृतमार्गे आलेला मराठी शब्द 'दात' आहे. लिथुआनियन शब्द 'दन्तिस' आहे. वंशज असलेल्या मराठीपेक्षा चुलत घराण्यातील भाषा संस्कृतसारखी अधिक दिसते. दिसणे आणि वंश यांचा असा सरळ संबंध नसतो. आणि केवळ दिसण्यावर गेलो तर फसगतही होते. वर आलेला 'गात्वे' हा शब्द ऐकताच 'गती' आठवते. पण तो जर्मानिक भाषेतून घेतलेला उसना शब्द आहे. फ्रान्झ बोप यांनी १८३३ पासून प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक व्याकरणात संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या पंक्तीला लिथुआनियन बसवली, ती अशा सुट्या शब्दांच्या जोरावर नव्हे, तर ध्वनी व विभक्ती यांच्या नियमित जुळणीवर.

सराव : शहरातील पाट्यांवर 'विल्नियस', 'विल्नियौस' (विल्नियसचा) आणि 'विल्नियुये' (विल्नियसमध्ये) अशी रूपे दिसतात. नवख्या प्रवाशाला ही तीन गावे वाटतात. मराठीत 'पुणे', 'पुण्याचा', 'पुण्यात' ही रूपे कशी होतात ते आठवा. मराठीत प्रत्यय सामान्यरूपाला लागतो. लिथुआनियनमध्ये मात्र विभक्तीचा प्रत्यय प्रकृतीशी थेट एकजीव होतो. आपल्या जिल्ह्यातील पाच गावांची नावे घेऊन त्यांची सामान्यरूपे लिहा आणि कोणत्या नावांत बदल होत नाही ते नोंदवा.

विद्यापीठाचे चौक

पिलिएस गल्लीवरील एका घरात १६ फेब्रुवारी १९१८ रोजी वीस जणांनी लिथुआनियाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. जवळच विद्यापीठ आहे. १५७९ मध्ये जेझुइटांच्या विद्यालयाला हा दर्जा मिळाला. आपल्याकडील जुन्या वाड्यांप्रमाणे एका चौकातून दुसऱ्या चौकात जावे अशी त्याची रचना आहे. प्रवासी येथे रंगवलेली छते आणि घंटाघर पाहतात. ग्रंथालयाचे कांस्याचे दार अनेकांच्या नजरेतून निसटते. ते दार पहिल्या लिथुआनियन पुस्तकाचे, म्हणजे मार्तिनास माझविदास यांच्या १५४७ च्या प्रश्नोत्तरी धर्मपुस्तिकेचे स्मारक आहे. तिची एक दुर्मीळ प्रत या ग्रंथालयात आहे. ती छापली गेली मात्र प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे. विल्नियसमध्ये त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १५२२ मध्ये, छापखाना सुरू झाला होता. पण तो होता फ्रान्सिस्क स्कारिना यांचा आणि पुस्तके होती स्लाव भाषेतील. राज्याचे कायदेही, १५२९ ची पहिली संहिता धरून, जुन्या बेलारूशियनच्या जवळच्या दरबारी स्लाव भाषेत लिहिले गेले. याच विद्यापीठात शिकलेला आदाम मित्स्कियेविच पोलिशचा महाकवी झाला आणि त्याच्या पोलिश महाकाव्याचा आरंभ लिथुआनियाला उद्देशून होतो.

म्हणजे राजधानी लिथुआनियाची, पण तिच्या दरबारात, छापखान्यात व काव्यात लिथुआनियन भाषा क्वचितच. ती खेड्यांत होती. १८९७ च्या जनगणनेत शहरातील सुमारे ४० टक्के लोकांनी यिडिश, ३१ टक्क्यांनी पोलिश आणि २० टक्क्यांनी रशियन ही मातृभाषा सांगितली. लिथुआनियन सांगणारे जेमतेम २ टक्के होते. भाषा म्हणून जी अतिशय पुराणवृत्ती, ती या शहराच्या रस्त्यावर बहुसंख्येने नांदू लागली ती विसाव्या शतकात. भाषेचे वय आणि तिचे एखाद्या ठिकाणचे वास्तव्य या दोन स्वतंत्र बाबी आहेत, आणि अस्मितेच्या वादात नेमकी याचीच गल्लत केली जाते, आपल्याकडेही.

यिडिशची गल्ली

विद्यापीठाकडून दक्षिणेला गेले की गल्ल्यांची नावे समाजांवरून पडलेली दिसतात : जर्मनांची गल्ली, ज्यूंची गल्ली, थोड्या अंतरावर तातारांची आणि रशियनांचीही. काही वर्षांपूर्वी अशा रस्त्यांवर त्या त्या भाषेतील पाट्याही लावण्यात आल्या. राज्यभाषेच्या कायद्याला धरून त्यावर आक्षेप घेतला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. एका पाटीने एवढे काय बिघडते, असे परक्याला वाटेल. ज्यूंच्या गल्लीत उभे राहिल्यावर तसे वाटत नाही.

येथे सतराव्या शतकातील भव्य सिनेगॉग होते, शेजारी ग्रंथालय होते. अठराव्या शतकात 'विल्नाचा गाओन' म्हणून ख्यातनाम झालेले पंडित एलियाहू याच परिसरात राहिले. १९२५ मध्ये यिडिश भाषेच्या शास्त्रीय अभ्यासासाठी 'यिवो' ही संस्था येथे स्थापन झाली. लेखनपद्धती, शब्दसंग्रह, लोकसाहित्य यांचे काम तिने हाती घेतले. १९४१ मध्ये जर्मन सैन्य आले. याच गल्ल्यांना कुंपण घालून दोन कोंडवाडे करण्यात आले. शहराबाहेरील पानेरियाय येथील जंगलात १९४४ पर्यंत सुमारे ७०,००० ज्यू मारले गेले. 'यिवो'च्या संग्रहातून काय जर्मनीला पाठवायचे आणि काय लगद्याला, हे निवडण्याचे काम कोंडवाड्यातील काही विद्वानांना व कवींना देण्यात आले. त्यांत आव्राहाम सुत्स्केवेर होते. त्यांनी कपड्यांत लपवून पुस्तके आणि हस्तलिखिते आत आणली व पुरून ठेवली. भाकरी लपवून आणणेही जिथे जिवावर बेतणारे होते, तिथे हे लोक कागद आणत होते. युद्धात जळालेल्या सिनेगॉगचे अवशेष सोव्हिएत राजवटीने १९५० च्या दशकात पाडले आणि त्या जागी मुलांची शाळा बांधली.

उषेची वेस

जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला तटबंदीतील एकमेव उरलेली वेस आहे. वेशीवरच्या छोट्या देवघरात मेरीचे चित्र आहे आणि रस्त्यावरूनच ते दिसते. जाणारे-येणारे क्षणभर थांबून क्रूसाची खूण करतात. लिथुआनियन नाव 'औश्रोस वार्ताय', म्हणजे पहाटेची वेस. 'औश्रा' हा शब्द 'उषस्'चा सख्खा भाऊबंद. पोलिश नाव आहे 'ओस्त्रा ब्रामा', त्याचा अर्थ टोकदार वेस. कानाला 'औश्रोस' आणि 'ओस्त्रा' जवळचे, अर्थ भिन्न. एकच दगडी कमान दोन भाषांत दोन वेगळ्या गोष्टी सांगते.

'औश्रा' हेच नाव १८८३ मध्ये योनास बसानाविचियस यांनी एका नियतकालिकाला दिले. ते छापावे लागले सीमेपलीकडे, प्रशियात. कारण १८६३ च्या उठावानंतर झारशाहीने १८६४ पासून रोमन लिपीत लिथुआनियन छापण्यास बंदी घातली होती. भाषेला नव्हे, लिपीला. सिरिलिक लिपीत छापण्यास मुभा होती. लिपी ही केवळ वस्त्रासारखी बदलता येते असे आपण सैद्धांतिक चर्चेत सहज म्हणतो. या शेतकऱ्यांनी सिरिलिकमधली पुस्तके घेतली नाहीत. प्रशियात छापलेली प्रार्थनापुस्तके, पंचांगे आणि बाराखड्या पोत्यांत, गाड्यांच्या तळाशी, अंगावर बांधून सीमेपलीकडून येत राहिल्या. हे काम करणाऱ्या पुस्तकवाहकांना 'क्निगनेशियाय' म्हणतात. पकडले गेलेल्यांपैकी अनेकांना सैबेरियात हद्दपार केले गेले. बंदी चाळीस वर्षांनी, १९०४ मध्ये उठली, आणि त्याच वर्षाअखेर विल्नियसमध्ये लिथुआनियन दैनिक निघाले. शहरातील त्या दोन टक्क्यांच्या पाठीशी खेड्यांतून तयार झालेला वाचकवर्ग होता.

नदीपलीकडच्या उझुपिस या कलावंतांच्या वस्तीत १९९७ च्या १ एप्रिलला गमतीने 'प्रजासत्ताक' घोषित झाले. तेथील भिंतीवर त्याची राज्यघटना अनेक भाषांत लावलेली आहे आणि देवनागरी अक्षरेही भेटतात. आपले पर्यटक तेथे आवर्जून छायाचित्र काढतात. काढावे. मात्र वेळ अपुरा असेल तर उझुपिसपेक्षा वेशीबाहेरच्या स्मशानभूमीला तो द्यावा, असे मला वाटते.

तिचे नाव 'रासोस'. 'रसा' म्हणजे दव. आपल्या 'रस' शब्दाचे नातलग. १९२० ते १९३९ या काळात विल्नियस पोलंडकडे होते. लिथुआनिया त्याला आपली बळकावलेली राजधानी मानत असे. 'औश्रा'चे बसानाविचियस तरीही याच शहरात राहिले आणि १९२७ मध्ये, योगायोगाने १६ फेब्रुवारीलाच, वारले. त्यांची समाधी येथे आहे. पोलंडचे मार्शल युझेफ पिउसुद्स्की यांचे शरीर क्राकूफला आहे, पण हृदय १९३६ मध्ये येथे आईच्या थडग्यात ठेवले गेले. त्या काळ्या दगडावर त्यांचे नाव नाही. आई आणि मुलाचे हृदय असा पोलिश उल्लेख आहे. नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणदिनी लोक पणत्या घेऊन येतात. उतारावरच्या अरुंद पायवाटांवर त्या संध्याकाळी लिथुआनियन आणि पोलिश दोन्ही भाषा हलक्या आवाजात ऐकू येतात.