मातीचे फुलते पांघरूण

बेंगळुरूच्या दक्षिणेस आनेकल हा तालुका आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या पठारी प्रदेशात तांबडी माती आढळते. एके काळी तलाव आणि शेती यांवर जगणाऱ्या या भागात आज कारखाने, इमारती आणि नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. विंधनविहिरींनी भूजलाचा प्रमाणाबाहेर उपसा झाल्याने पाणी खोल गेले आहे. अशा ठिकाणी घरापुढील मोकळ्या जागेत काय लावावे, हा केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही.

अनेकांना हिरवळ आवडते. परंतु हिरवळीला उन्हाळ्यात वारंवार पाणी द्यावे लागते. जागा उघडी ठेवावी, तर पावसाचे थेंब मातीवर थेट आदळतात. मातीचे सूक्ष्म कण सुटे होऊन तिची छिद्रे बुजवतात, वर कठीण पापुद्रा तयार होतो आणि पाणी जमिनीत मुरण्याऐवजी माती घेऊन वाहून जाते. यावर उपाय म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या फुलझाडांचे आच्छादन.

लांबून पाहता असे आच्छादन शेवाळाच्या गादीसारखे दिसते. दोहोंत मात्र मोठा भेद आहे. भिंतींवर उगवणाऱ्या मऊ, हिरव्या मॉसला फुले, बिया किंवा खरी मुळे नसतात. त्याचा प्रसार बीजाणूंमुळे होतो आणि त्याला ओलावा लागतो. आच्छादनाच्या फुलझाडांना मुळे असतात व ती माती धरून ठेवतात.

या झाडांपैकी सर्वांत परिचित म्हणजे चिनी गुलाब. नावात 'चिनी' आणि 'गुलाब' असले, तरी हे झाड चीनचे नाही आणि गुलाबाच्या कुळातीलही नाही. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिका असून आपल्या परिचयाची घोळाची भाजी ही त्याची जवळची नातलग होय. १८२९ मध्ये हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. सकाळी ऊन चढले की फुले उमलतात व दुपारनंतर मिटतात. म्हणूनच लोक त्याला गमतीने 'ऑफिस टाइम' म्हणतात. त्याची पाने व खोड पाणी साठवतात. पाण्याचा ताण पडला, की हे झाड रात्री कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा पर्णरंध्रे बहुतांशी मिटून ठेवून त्याचा उपयोग करते. त्यामुळे बाष्पीभवन कमी होते.

लागवड सोपी आहे. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळावे. सात-आठ सेंटिमीटर लांबीच्या फांदीची खालची पाने काढून ती वीत-वीत अंतरावर खोचावी. बी पेरायचे असल्यास ते मातीत गाडू नये, कारण रुजण्यासाठी त्याला प्रकाश लागतो. जागा रोज पाच-सहा तास उन्हाची असावी. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. पाणी साचले तर मुळे कुजतात. लांबलेली शेंडे खुडल्यास फुटवे वाढतात.

देशी झाडेही या कामी उपयुक्त ठरतात. ओलसर जागेत, तलावाच्या काठी जलपिंपळी पसरते. तिच्या प्रत्येक पेरातून मुळे फुटतात आणि तिच्या बारीक पांढरट-जांभळ्या फुलांवर मधमाश्या व फुलपाखरे येतात. कोरड्या, मुरमाड जमिनीत निळ्या फुलांची विष्णुक्रांता तग धरते.

मात्र झपाट्याने पसरणे हा गुण नेहमीच हितकारक नसतो. पिवळ्या फुलांचे वेडेलिया जागा लवकर झाकते, पण ओढ्याकाठी किंवा ओसाड जागी पोहोचले, की इतर वनस्पतींना जागा उरू देत नाही. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. घाणेरीही भारतात शोभेचे झाड म्हणूनच आणली गेली. आज आनेकलला लागून असलेल्या, १९७४ मध्ये घोषित झालेल्या बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानात तिची दाट झुडपे माजली असून, त्यांखाली गवत आणि देशी रोपे वाढू शकत नाहीत. शाकाहारी प्राण्यांच्या चाऱ्यावर त्याचा परिणाम होतो.

म्हणून रोप निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात : त्याला पाणी किती लागते, ते माती कितपत धरते आणि कुंपणापलीकडे गेल्यास ते काय करील. फुलांचा रंग त्यानंतर पाहावा.